होळीच्या आत मोगऱ्याची कुंडी बदला

‘वसंत ऋतूत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कुंड्या बदला’ हा सल्ला थंड देशांतून जसाच्या तसा उचललेला आहे आणि दरवर्षी त्यापायी कितीतरी झाडं जातात. तिकडे तेव्हा कुठे थंडी सरत असते. आपल्याकडे चैत्र लागेपर्यंत विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. मुळं नुकतीच कापलेलं झाड त्या उन्हात तग धरत नाही. आपला मुहूर्त संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत. होळी उलटून गेली असेल, तर आता कुंडीला हात लावू नका, सरळ पावसाळ्यावर ढकला.

या दिवसांतलं गॅलरीतलं खरं काम म्हणजे मोगरा. त्याला फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून आधी छाटणी. आठवडाभर पाणी कमी करून झाडाला थोडा ताण द्या. मग धारदार सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, फांद्या निम्म्यावर आणा, वाळकी काटकी बुडातून काढा आणि उरलेली पानं खुडून टाका. या छाटणीने मोगरा मेलेला मी पाहिलेला नाही. हात आखडता घेऊ नका.

झाड जातं ते पुढच्या पायरीवर. ‘कुंडी बदलताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका’ असं सगळीकडे सांगितलं जातं. मीही ते निमूटपणे पाळायचे. आईच्या अंगणातल्या मोगऱ्याचं कलम बारा वर्षांपूर्वी मी असंच गोळ्यासकट मोठ्या कुंडीत बसवलं, तेही छाटणी न करता, होळीनंतरच्या आठवड्यात. चार दिवसांत पानं माना टाकू लागली. मी पाणी वाढवलं. पानं पिवळी पडली, मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. एप्रिलअखेर झाड गेलं. कुंडी उलटी केली तेव्हा बाहेरची नवी माती चिखलासारखी लिबलिबीत होती, तिला कुबट वास येत होता. आणि आतला जुना गोळा खुरप्याने फोडला, तर मधोमध विटेसारखा कोरडा. दीड महिना मी पाणी ओतत होते आणि ते गोळ्याच्या बाजूने निथळून जात होतं. झाडाची बरीचशी मुळं तहानेने गेली आणि बाहेर डोकावलेली कुजली.

नर्सरीतून येणारी बहुतेक झाडं चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. भोवती भुसभुशीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आलं की पाणी वाट काढतं ते त्या भुसभुशीतातून. जुन्या कुंडीत मुळांचं जाळं झालं की तिथेही हेच होतं. म्हणून माझं ठाम मत आहे: छाटलेल्या मोगऱ्याचा गोळा सोडवायलाच हवा. पालेभाजीच्या रोपाला किंवा बोगनवेलीला हा नियम लावू नका. बोगनवेलीची मुळं नाजूक, ती दुखावलेली तिला सोसत नाहीत.

झाड काढायचं तर कुंडी आडवी करा, कडेने जुनी सुरी फिरवा, खोड धरून ओढू नका. निघालेला गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या, वीसेक मिनिटं तरी. ही वेळ वाचवायला जाऊ नका. मग बोथट काडीने कडेची आणि तळाची माती हळूहळू मोकळी करा, गुंता झालेले केस टोकाकडून विंचरतात तशी. तळाशी गोल गोल फिरलेली मुळं कापा. काळी पडलेली, बोटाने ओढताच साल सुटून येणारी मुळं कुजलेली, ती सगळी काढा. पांढरट, टणक मुळं जिवंत, ती शक्यतो राखा. सगळं मिळून चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त मूळ कापू नका.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. फार मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. तळाला खडीचा थर देऊ नका, त्याने निचरा सुधारत नाही, ओल उलट वर मुळांपाशी येते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण नको, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर लावा आणि वर पाण्यासाठी इंचभर जागा सोडा.

पहिलं पाणी भोकातून वाहेपर्यंत द्या. त्यानंतर मात्र शेतकऱ्यांचा एक शब्द ध्यानात धरा: वाफसा. माती ओलसर असते, पण हाताला चिकटत नाही, मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. बोट दोन पेरं आत घाला. माती बोटाला लडबडून आली तर थांबा. कोरडी भुरभुरली तरच पाणी. रोज ठरल्या वेळी पाणी घालण्याच्या सवयीने जितके मोगरे कुजतात, तितके उन्हानेही मरत नसतील.

कुंडी दहा-बारा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात. दोन-तीन आठवडे झाड नुसत्या काटक्यांसारखं दिसेल. घाबरून खत घालू नका. शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं की झाड जिवंत आहे. रासायनिक खत नवी पालवी बोटभर झाल्यावरच.

बाकीची कामं सोपी. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, दिसला तर तो भाग कापून टाका, उरलेल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. घरातल्या मनी प्लांटची पानं ओल्या फडक्याने पुसा. हिरवळ एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका आणि पाणी पहाटे द्या.

जागेचं मात्र बघा. थंडीत दक्षिणेच्या गॅलरीत येणारं ऊन आता हळूहळू मागे सरतं. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तोच. तोवर दक्षिणेच्या गॅलरीतलं दुपारचं ऊन जवळजवळ गेलेलं असतं आणि पश्चिमेची खिडकी भाजून काढते. मोगरा पूर्वेला न्या, पश्चिमेच्या कुंड्यांवर हिरवी जाळी बांधा.

कळ्या टपोऱ्या, पांढऱ्या झाल्या की संध्याकाळी उमलायच्या आत काढा. बहर ओसरला की त्या फांदीची वरची दोन पेरं कापा, पुढच्या कळ्या तिथल्याच फुटव्यांवर धरतील.