गवतावरच्या कळपासाठी अँगस वळू: लिलावाला जाण्याआधीची तयारी

मार्च लागला की अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या अँगस जातीच्या वळूंच्या लिलावांना जोर येतो आणि त्याआधीच चकचकीत कॅटलॉग घरी येऊन पडतात. ते उघडण्याआधी आपल्या गायी काट्यावर चढवा. वासरं तोडल्यावरची वजनं लिहून ठेवा, हिवाळ्यात वाळल्या गवताचे किती गठ्ठे लागले ते लिहा, कुठली गाय उशिरा गाभण राहिली तेही लिहा. गुरं नुसत्या गवतावर पोसायची, दाणा अजिबात घालायचा नाही आणि मांस ओळखीच्या गिऱ्हाइकांना थेट विकायचं, असा बेत असेल तर वळू कसा हवा हे याच वहीत सापडतं.

गाय रोज आपल्या वजनाच्या साधारण सव्वादोन टक्के कोरडा चारा खाते. म्हणजे ५०० किलोच्या गाईला सव्वाअकरा किलो, तर ६५० किलोच्या गाईला साडेचौदाच्या वर. वर्षाकाठी एका गाईमागे सव्वा टनाचा फरक पडतो. मोठी गाय त्या मानाने मोठं वासरू देत असेल तर ठीक, पण नुसत्या कुरणावर ते क्वचितच जमतं. आज घेतलेल्या वळूच्या कालवडी पुढे आठ-दहा वर्षं आपल्याच कळपात चरणार असतात, त्यामुळे हा हिशेब आधी आणि वळूचा भाव मागाहून.

दुसरी चौकशी गवताची. मिसुरीत कुरण म्हणजे बहुतेक ठिकाणी टॉल फेस्क्यू, आणि त्यातही केंटकी-३१. १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगरउतारावर हे गवत नजरेत भरलं, १९४३ मध्ये वाण म्हणून बाहेर आलं, आणि पुढे अमेरिकेच्या या पट्ट्यात लाखो एकरांवर पसरलं. त्याच्या पेशींच्या मधे एक बुरशी राहते. तिच्यामुळे गवत दुष्काळाला आणि किडीला पुरून उरतं, पण तीच अर्गोव्हेलिन नावाचं विष तयार करते. त्याने गुरांच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, हिवाळ्याचे केस झडत नाहीत, आणि जून-जुलैत जनावर चरायचं सोडून तळ्यात उभं राहतं. म्हणून मे महिन्यात केस झडण्याचे गुण देतात: १ म्हणजे अंग पूर्ण गुळगुळीत, ५ म्हणजे हिवाळ्याची लोकर जशीच्या तशी. मिसुरी विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे आणि अमेरिकन अँगस असोसिएशन आता केस झडण्याचा आनुवंशिक अंदाजही देते, त्यात आकडा जितका कमी तितका चांगला. ब्रीडरला सरळ विचारा की हा वळू आणि त्याची आई फेस्क्यूवर वाढली का. उत्तर ‘नाही’ आलं, तर माझ्या मते कॅटलॉगमधल्या बाकीच्या निम्म्या बढाया तिथेच बाद.

आता कागद. इपीडी म्हणजे दोन वळूंच्या वासरांमध्ये सरासरी किती फरक पडेल याचा अंदाज. एका वळूचा जन्मवजनाचा आकडा अर्धा आणि दुसऱ्याचा तीन असेल तर दुसऱ्याची वासरं सरासरी अडीच पौंड जड जन्मतील, इतकाच त्याचा अर्थ. पहिलारू कालवडींवर सोडायचा असेल तर सीईडी, म्हणजे गाय न अडता विण्याचा आकडा, वरचा हवा. गवतावरच्या कळपाला सगळ्यात उपयोगी आकडे मात्र कॅटलॉगमध्ये ठळक छापलेले नसतात. गाईचं प्रौढ वजन आणि दूध हे दोन्ही मध्यम ठेवा. जास्त दूध म्हणजे जास्त चारा, आणि चारा कमी पडला की गाय खंगते, पुढच्या वेळी माजावर येत नाही. डॉलर-ईएन नावाचा निर्देशांक हेच पैशात सांगतो: मुलींच्या पोषणाला वर्षाकाठी किती डॉलर वाचतील. तो उणे असलेले वळू पाहूच नका, मग वर्षाच्या वयाला त्यांचं वजन कितीही डोळे दिपवो. कोवळ्या वळूच्या आकड्यांची विश्वासार्हता कमीच असते, त्यामुळे जीनोमिक (डीएनएवरची) चाचणी झाली आहे का ते पाहा. एएम, एनएच, सीए, डीडी हे आनुवंशिक दोष टाळायचे असतात. कागदावर त्यापुढे एफ असेल तर वळू मोकळा, सी असेल तर वाहक. एएम म्हणजे वाकड्या पायांची, मेलेली वासरं. २००८ मध्ये या दोषाने अँगसवाल्यांची झोप उडवली होती.

मांसाच्या कोवळेपणाचं प्रकरण अवघड आहे, कारण ते जिवंत वळूत डोळ्यांना दिसत नाही. ‘मार्बलिंग (मांसात विखुरलेली चरबी) चांगलं म्हणजे मांस मऊ’ असं लिलावात ऐकू येतं. मार्बलिंगने रसाळपणा आणि चव येते, कोवळेपणात मात्र त्याचा वाटा थोडाच. मांस मुरताना कॅल्पेन हे विकर स्नायूंचे धागे तोडतं, आणि कॅल्पास्टॅटिन त्याला अडवतं. हा तोल बराचसा वंशाने येतो आणि त्या दोन्ही जनुकांच्या चाचण्या आहेत. ब्रीडरकडे निकाल असतील तर मागा, भावंडांच्या मांसाच्या शिअर फोर्सच्या नोंदी असतील तर त्याहून उत्तम. या चाचणीत भाजलेल्या स्टेकमधून अर्धा इंच जाडीच्या कांड्या काढून त्या कापायला किती जोर लागतो ते मोजतात. ४.४ किलोच्या आत आलं तर मांस कोवळं, ३.९ च्या आत आलं तर फारच कोवळं, असा अमेरिकेतला प्रमाणित निकष.

वशिंडाच्या गुरांत हे कॅल्पास्टॅटिन जास्त असतं, म्हणून त्यांचं मांस चिवट निघतं. अमेरिकेतलं ब्राह्मन ब्रीड आपल्याच गुरांतून घडलं: गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली-मिरजेकडची कृष्णा व्हॅलीसुद्धा. ब्राह्मनचं तीन-अष्टमांश आणि अँगसचं पाच-अष्टमांश रक्त मिळून ब्रँगस होतं. उन्हाला आणि गोचिडांना ते उत्तम तोंड देतं. तुमचं कुरण अगदी दक्षिणेत असेल तर तो सौदा विचारात घ्या, पण मिसुरीत केस लवकर झाडणारा शुद्ध अँगस मिळत असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

आता गवत आणि कोवळेपणा जिथे एकत्र येतात तो मुद्दा. दाण्यावरचं जनावर दीड वर्षाच्या आसपास तयार होतं, गवतावरच्याला दोन वर्षं आणि कधी त्याहूनही जास्त लागतात. वय वाढतं तशी स्नायूंमधली जोडऊती घट्ट होत जाते. शिवाय अंगावर चरबीचा थर पातळ राहिला तर धड शीतगृहात फार झटकन गार पडतं आणि स्नायू आकसून कायमचे ताठ होतात. मग कितीही मुरवा. म्हणजे हवा तो वळू असा की ज्याची वासरं नुसत्या गवतावर, लवकर, अंगाने भरतील. उंच, लांबुडके, हाडापेराने मोठे वळू दिसायला रुबाबदार असतात, पण त्यांची वासरं दोन वर्षांनंतरही वाढतच राहतात, भरत नाहीत. फ्रेम स्कोअर, म्हणजे वय आणि उंचीवरून काढलेला चणीचा आकडा, चार ते पाच पुरे. म्हणजे वर्षाच्या वळूची कमरेपाशी उंची साधारण ४७ ते ४९ इंच. टेप सोबत न्या.

लिलावाच्या आदल्या दिवशी जाऊन वळू मोकळ्या आवारात चालताना पाहा, त्या गर्दीच्या रिंगणात काहीच कळत नाही. मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतो का, खुरांच्या नख्या एकमेकींवर चढलेल्या आहेत का, मागचे पाय काठीसारखे सरळ तर नाहीत. गवतावर वळूला मैलभर चालावं लागतं. मग स्वभाव. माणूस आत शिरताच भिंतीला धडकणारा बुजरा वळू सोडून द्या. घाबरट जनावरांचं मांस राठ निघतं हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि कापण्याआधी जनावर ताणात असेल तर मांस काळपटतं. आपल्याकडे खिल्लार घेताना भोवरे पाहतात. गंमत म्हणजे कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली गुरं जास्त बिथरतात असं जनावरांच्या वर्तनाच्या अमेरिकन अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांच्या अभ्यासातही आढळलं. मी भोवऱ्यावरून वळू नाकारणार नाही, पण दोनदा बघेन.

पशुवैद्याकडून प्रजननक्षमतेच्या तपासणीचा ताजा दाखला मागा. १५ महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान ३० सेंटीमीटर, दोन वर्षांच्या वर ३४, शुक्राणूंपैकी किमान ७० टक्के नीट घडणीचे आणि ३० टक्के पुढे सरकणारे. घेर मोठा असेल तर त्याच्या कालवडीही लवकर माजावर येतात. आधी गायींवर सोडलेला वळू घेत असाल तर ट्रायकोमोनासची (वळूकडून गायींना लागणाऱ्या, गर्भ पाडणाऱ्या रोगाची) चाचणी सक्तीची समजा, आणि बीव्हीडी या विषाणूजन्य रोगाची कानाच्या तुकड्यावरची चाचणी सगळ्यांचीच. त्याच आठवड्यात खाटकाला फोन करून पुढच्या वर्षाची तारीख धरून ठेवा आणि धड १४ दिवस टांगून ठेवणार का ते विचारा. लहान कत्तलखाने महिनोन्महिने आधी भरलेले असतात, आणि दोन दिवसांत कापून दिलेल्या मांसात वंशाचा गुण दिसणारच नाही.

वळू मे महिन्यात गायींत सोडायचा असेल तर मार्चमध्येच घरी आणा. महिनाभर वेगळा ठेवा. दाण्यावर वाढलेला असेल तर दाणा एकदम तोडू नका, आठवड्या-आठवड्याने कमी करत गवतावर न्या, नाहीतर ऐन हंगामात तो हाडावर येतो. शुक्राणू तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणजे प्रवासात ताप आला किंवा खाणं सुटलं तर त्याचा परिणाम पार मे महिन्यापर्यंत दिसतो. कोवळ्या वळूला त्याच्या वयाच्या महिन्यांइतक्याच गायी द्या, पंधरा महिन्यांचा असेल तर पंधरा. पहिले दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी चक्कर मारून तो गायींवर नीट चढतो आहे ना ते पाहा, आणि एकवीस दिवसांनी किती गायी पुन्हा माजावर आल्या ते वहीत टिपा.