राखणीचं पिल्लू वाढतंय, गोळी मात्र तेवढीच: मेंढी-शेळीपालकांसाठी कार्तिक ते चैत्राचा सल्ला

पाऊस उघडला आहे, पण बांधावरचं गवत अजून ओलं आहे आणि पहाटे दव पडतंय. दिवाळी सरली की देशावरचे कळप कोकणात उतरू लागतील. घरी वीस-पंचवीस मेंढ्या-शेळ्या ठेवणारे रब्बीच्या कामात अडकतील. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची लपण जाते आणि तो वस्तीच्या कडेने फिरायला लागतो. माण, सांगोला, जत, आटपाडीच्या माळावर लांडग्याची धास्ती आहेच. म्हणून याच दिवसांत राखणीसाठी मोठ्या हाडापेराचं कुत्र्याचं पिल्लू शोधणं सुरू होतं. कुणी धनगराच्या वाड्यावरून आणतं, कुणी हजारो रुपये मोजून अलाबाई नाहीतर कांगल या परदेशी जातीचं आणतं.

पिल्लू जरूर आणा. फक्त आणायच्या आधी एक हिशेब करा: मागच्या दोन वर्षांत तुमच्या कळपातली किती कोकरं मान वाकडी करून, एकाच बाजूला गरगर फिरत मेली? आणि त्या काळात दारातल्या कुत्र्याला पट्टकृमीची (पट्टीसारख्या चपट्या जंताची) गोळी कितीदा दिली, वजनाप्रमाणे किती दिली? मी ज्या ज्या वाड्यांवर ही गरगर पाहिली, तिथे या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तरच मिळालं नाही. लांडग्याने एक मेंढी नेली तर गाव गोळा होतं. कुत्र्याच्या विष्ठेतून गेलेली चार कोकरं मात्र "वाऱ्यात गेली" म्हणून विसरली जातात.

आधी हे होतं कसं ते बघा. कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी असतो. त्याचे अंडी भरलेले तुकडे विष्ठेतून बाहेर पडतात. कधी ते शेपटीखालच्या केसांत चिकटलेले दिसतात, शिजलेल्या भाताच्या शितासारखे पांढरे, आणि ताजे असतील तर वळवळतातही. अंडी गवतावर, पाण्याच्या कुंडाच्या काठावर पडतात. मेंढी ते गवत खाते. पोटातून अळी रक्तात जाते आणि मेंदूत जाऊन बसते. तिथे पाण्याची पिशवी वाढत जाते. पूर्ण वाढायला सहा-आठ महिने लागतात, म्हणून आज पडलेल्या अंड्याचा फटका पुढच्या पावसाळ्यात दिसतो आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. दोन वर्षांच्या आतली जनावरं जास्त सापडतात. मेंढी कळपाच्या मागे राहते, भिंतीला डोकं टेकून उभी राहते, एका डोळ्याने दिसेनासं होतं, तोंडात घेतलेला घास तसाच राहतो. काही मेंढ्यांची कवटी एका जागी इतकी मऊ होते की अंगठ्याने दाबली तर आत जाते.

आता खरी चूक होते ती इथे. असली मेंढी मेली किंवा कापली की तिचं डोकं खायला कुणी धजत नाही. ते फोडून कुत्र्यापुढे टाकतात. त्या पिशवीत पांढऱ्या बारीक दाण्यांचे पुंजके असतात आणि प्रत्येक दाण्यातून कुत्र्याच्या पोटात एक नवा पट्टकृमी तयार होऊ शकतो. साधारण सहा आठवड्यांत तो पुन्हा अंडी टाकायला लागतो. म्हणजे राखणदार आपणच आणला आणि रोगाचं बीही आपल्याच हाताने त्याला चारलं.

मेंढीच्या काळजा-फुफ्फुसातल्या पाण्याच्या गाठींचंही असंच. त्या ज्या दुसऱ्या पट्टकृमीच्या, तो कुत्र्याच्या पोटात जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, विष्ठेत डोळ्यांना दिसत नाही. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी होतात आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. पिल्लाशी सगळ्यात जास्त खेळतात ती घरातली पोरं. न्यूझीलंडमध्ये एकेकाळी हा रोग बराच पसरलेला होता. कुत्र्यांना नेमाने औषध आणि कच्चं काळीज-फुफ्फुस चारायला बंदी, यावर तिथे अनेक दशकं जोर दिला आणि २००२ मध्ये देश या रोगातून तूर्तास मुक्त असल्याचं जाहीर झालं. तिथेही मेंढ्या आहेत, कुत्री आहेत. फरक नेमाचा आहे.

औषध कोणतं आणि किती

औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. मात्रा दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, तोंडाने. बाजारात कुत्र्यांसाठी जी एकत्र गोळी मिळते तिच्यात बहुधा ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि सोबत गोल जंतांची दोन औषधं असतात. ती १० किलोला एक.

- ५ किलोचं पिल्लू: अर्धी
- १० किलो: एक
- २० किलो: दोन
- ३० किलो: तीन
- ५० किलोचा पूर्ण वाढलेला कुत्रा: पाच

पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या, वेगळ्या ताकदीच्या गोळ्याही असतात.

मोठ्या जातीच्या पिल्लात घोटाळा इथेच होतो. ते तीन महिन्यांचं असताना १२-१५ किलोचं असतं, तेव्हा दुकानदाराने दीड गोळी सांगितलेली असते. सहा महिन्यांत ते ३० किलोला टेकतं, वर्षाने ४५-५० वर जातं. मालक मात्र तीच दीड गोळी भाकरीत कोंबत राहतो. "जंताचं दिलंय की" असं तो शपथेवर सांगतो आणि खोटंही बोलत नसतो. अर्ध्याहून कमी मात्रेत पट्टकृमी मरेलच याचा भरवसा नाही. कांदा तोलायचा काटा घरात असतोच. आधी तुम्ही उभे राहा, मग पिल्लू उचलून उभे राहा, वजाबाकी करा. उचलेनासं झालं की जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर न्या. दर वेळी, अंदाजाने नाही.

दर सहा आठवड्यांनी. तीन महिन्यांनी देऊन भागत नाही, कारण नवा पट्टकृमी सहा आठवड्यांत अंड्यावर येतो हे वर सांगितलंच. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा, चरायच्या रानात सोडू नका. औषधाने किडा मरतो, अंडी मरत नाहीत. त्या दोन दिवसांची विष्ठा खोऱ्याने उचलून जाळा किंवा खोल पुरा. शेणखताच्या उकिरड्यात अजिबात नको.

मेंढ्यांना पाजायचं आल्बेंडाझोल उरलंय म्हणून कुत्र्याला पाजणारे बरेच आहेत. त्यावर पट्टकृमीची खात्री नाही आणि जास्त झालं तर कुत्र्याच्या रक्तपेशी घटतात. आयव्हरमेक्टिनची सुई तर पट्टकृमीला काहीच करत नाही. मेंढीच्या मात्रेने ती पिल्लाला टोचू नका, काही जातींच्या कुत्र्यांना ती जिवावर बेतते.

चारायचं काय, चारायचं नाही काय

मेंढीचं-बकरीचं डोकं, काळीज, फुफ्फुस कच्चं कधीही नाही. द्यायचंच तर तुकडे करून अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून. मेलेलं जनावर कंबरभर खोल पुरा, वर काट्याच्या फांद्या आणि दगड. उथळ पुरलं की रात्रीतून कुत्रंच उकरतं. माघापासून चैत्र-वैशाखापर्यंत जत्रा असतात, ठिकठिकाणी बोकड पडतो. त्या दिवसांत पिल्लू साखळीवर ठेवा आणि कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आतडं-फुफ्फुस माळावर फेकायचं नाही. शेजारच्या वाड्यावरची कुत्रीही तुमच्याच पाणवठ्यावर येतात, म्हणून चार घरांनी मिळून एकाच दिवशी गोळ्या दिल्या तर फायदा दिसतो. माझा आपला एक अंदाज: पाण्याच्या कुंडाजवळ कुत्रा झोपतो त्या वाड्यांवर गरगर जास्त दिसते. कुठल्या तक्त्यात हे सापडणार नाही, पण कुत्र्याची जागा कुंडापासून लांब केली तर बिघडणार काहीच नाही.

दुकानात पिल्लू दाखवलं की पहिली बाटली निघते ती कॅल्शियमची, दुसरी लिव्हर टॉनिकची, तिसरी "हाईट वाढायची" पावडर. मोठ्या जातीच्या पिल्लाला सहा महिन्यांच्या आत जादा कॅल्शियम घातकच. त्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम शोषणं थांबवू शकत नाही. हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे बिघडतात आणि मग चालता येत नाही म्हणून त्याच दुकानातून सांध्याची औषधं येतात. मोठ्या जातीच्या पिल्लासाठीचं तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचा थेंबही नको. नुसत्या भाकरी-दूध किंवा भात-मटणावर वाढवत असाल तर मात्र उलटी अडचण, त्यात कॅल्शियम कमी पडतं. तेव्हा किती द्यायचं ते पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. बाटली बघून ओतू नका. पिल्लू गुटगुटीत नको, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. हे जनावर दीड-दोन वर्षं वाढत राहतं, त्याला घाई लावू नका. मोटारसायकलमागे पळवणं आणि ट्रॉलीतून उड्या मारायला लावणं वर्षभर बंद.

टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशांत प्राझिक्वांटेलच्या बऱ्याच गोळ्या येतात. दुकानदार ते आपणहून सांगणार नाही.

कळपाशी सवय

आठव्या आठवड्यानंतर आणा, त्याआधी आईपासून तोडू नका. आठ ते सोळा आठवडे हा काळ मोलाचा. या काळात ते माणसांच्या ओसरीत वाढलं तर पुढे ओसरीच राखेल. मेंढ्यांच्या वाघरीला (रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या आवाराला) लागून वेगळा कोपरा करा, मधे जाळी. वास, आवाज, श्वास मेंढ्यांचा. दिवसातून थोडा वेळ शांत, मोठ्या शेळ्यांसोबत सोडा. शिंगाचा एखादा धक्का बसला तर बरंच, त्याने पिल्लाला अदब येते. नुकतीच व्यालेली मेंढी आणि पहिल्या आठवड्यातली कोकरं यांच्याजवळ मात्र एकट्याने सोडू नका.

चार ते दहा महिने हे आडमुठेपणाचं वय. कोकरांचे कान ओढतं, शेपट्या धरून पळवतं. तेव्हा ओरडून हाकला, लगेच मारून टाकायची किंवा सोडून द्यायची भाषा नको. पळायची खोड फारच असेल तर गळ्यात हलकं लोढणं बांधा, गुडघ्याच्या खाली येईल एवढंच, जड नको. दोन पिल्लं एकदम आणलीत तर ती एकमेकांशीच खेळतात आणि कोकरू मधे सापडतं. दीड-दोन वर्षांशिवाय त्याच्यावर रात्र सोपवू नका. वर्षाच्या आतलं पिल्लू रात्री वाघरीबाहेर साखळीने बांधणं म्हणजे ते बिबट्याच्या तोंडी देणं.

निवडताना आई बघा, कळपात राहते का, अनोळखी माणसाला अडवते का. पिल्लांत सगळ्यात दांडगं नको आणि कोपऱ्यात दबलेलंही नको. धनगराच्या वाड्यावरचं साधं पिल्लू आपल्या उन्हाला सोसतं, भाकरीवर वाढतं. मुढोळ, कारवान ही पळणारी शिकारी जात, ससा दिसला की कळप सोडते. जाड केसांचे परदेशी कुत्रे सोलापुरी उन्हात धापा टाकत पडतात. आणलेच असतील तर सावली, पाणी, ओली माती यांची सोय चैत्राआधी करा. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने कांगल, कॉकेशियन आणि सेंट्रल एशियन शेफर्ड (म्हणजेच अलाबाई) यांच्यासह २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र लिहिलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तरी पैसे मोजण्याआधी आपल्या भागातला नियम विचारून घ्या.

नेहमीची कामं

- ६ ते ८ आठवडे: पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली एकत्र लस. पुढे ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत.
- ३ महिने पूर्ण: रेबीजची लस. पुढे दरवर्षी.
- गोल जंत: २, ४, ६, ८ आठवड्यांना, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.
- गोचीड: रोज कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली बघणे. पिकावर फवारायचं औषध अंगाला लावणे नाही.
- कोल्हा, लांडगा किंवा अनोळखी कुत्रं चावलं: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुणे, त्याच दिवशी दवाखाना. माणसाला चावलं तरी तेच.
- पट्टा: दर महिन्याला दोन बोटं जातात का बघणे, पिल्लाची मान भराभर जाड होते.
- तापाने मलूल, लघवी लाल, रक्ताची हगवण: वाट न बघणे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ वर फोन.

आत्ताच का

कोरड्या कडक उन्हात अंडी लवकर मरतात, ओल्या थंड गवतावर ती महिनोन्महिने टिकतात. म्हणजे आत्तापासून माघापर्यंत चराईच्या रानात पडलेलं प्रत्येक अंडं धोक्याचं. त्यात हिवाळी कोकरं याच सुमाराला पहिल्यांदा गवताला तोंड लावतात. म्हणून पहिली गोळी या आठवड्यात. मेंढ्यांना खतासाठी कुणाच्या शेतात बसवायला नेणार असाल तर निघायच्या आधी, वाटेवर नाही. दुसरी मार्गशीर्षाच्या मध्याला, तिसरी पौषाच्या शेवटी, चौथी फाल्गुनात, पाचवी चैत्रातल्या जत्रा सुरू होण्याआधी. दर वेळी वजन करून. तारखा वाघरीच्या खांबावर खडूने लिहा, पावसाळ्यापर्यंत पुसत नाहीत.

एखादं कोकरू आत्ताच गरगर फिरत असेल तर त्याच्यावर सुया-सलाइनचा खर्च वाढवू नका. पिशवी मोठी झाल्यावर औषधाचा भरवसा नाही. कवटी मऊ लागत असेल तर शस्त्रक्रियेने पिशवी काढता येते, ते काम पशुवैद्यकाचं. ते जमणार नसेल तर कोकरू कापा, पण डोकं कुत्र्यापुढे टाकू नका. जाळा.