सावकाराने खरेदीखत करून घर लिहून घेतले असेल, तर काय करावे

सांगली जिल्ह्यात विनापरवाना सावकाराकडून पैसे घेताना घराचे गहाणखत क्वचितच होते. नोंदवले जाते ते साधे खरेदीखत. पैसे फेडल्यावर घर परत लिहून देण्याचा शब्द मात्र तोंडीच राहतो, आणि पुष्कळदा मूळ मालकाकडूनच त्याच घराचा भाडेकरार करून घेतला जातो. असे कागद झाले म्हणून घाबरून घर रिकामे करू नये.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 नुसार सावकारीच्या व्यवहारात गेलेल्या स्थावर मिळकतीची चौकशी करून तो दस्त अवैध ठरवण्याचा आणि मिळकत परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्ज त्यांच्याकडे करावा; कायद्यात कालमर्यादा असल्याने विलंब करू नये. घेतलेली रक्कम, ठरलेले व्याज आणि केलेली फेड तारखांसह लिहावी. शासनाने 2014 मध्ये बिगरशेतकऱ्यांच्या तारणी कर्जासाठी ठरवलेला कमाल दर वर्षाला 15 टक्के आहे. महिन्याला दहा टक्के घेणारा वर्षाला 120 टक्के घेतो, एवढे गणित अर्जातच मांडावे.

खरी लढाई पुराव्याची असते. बँकेचे खातेउतारे, मोबाइलवरील संदेश आणि साक्षीदार उपयोगी पडतातच; परंतु खरेदीनंतरही घरपट्टी व वीजबिल तुम्हीच भरत होता आणि खरेदीखतातील किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी होती, या गोष्टी अधिक बोलक्या ठरतात. बहुतेक अर्जदार एक काम विसरतात: त्याच माणसाने इतरांकडूनही अशीच खरेदीखते करून घेतली आहेत का, याचा दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा. एखाद्या वेळचे हातउसने आणि सावकारीचा धंदा यांतील फरक त्यावरूनच दिसतो.

आदेश विरोधात गेल्यास एका महिन्यात विभागीय निबंधकांकडे अपील करता येते. दिवाणी दाव्याचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करावा. पैसे फेडल्यावर घर परत लिहून देण्याची अट त्याच दस्तात नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 प्रमाणे तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण ठरत नाही, ही अडचण खरी आहे. तथापि, खरेदीखत केवळ देखाव्यापुरते होते हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका घराच्या प्रकरणात 1981 साली स्पष्ट केले आहे. त्यातही खरेदीखताबरोबर भाडेचिठ्ठी लिहून घेतलेली होती.

वकिलाच्या शुल्काची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 हा मदत क्रमांक आहे. दमदाटी होत असेल, तर पोलिसांत तक्रार द्यावी. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असून, हा गुन्हा पैसे देणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नव्हे.