पाऊस ओसरल्यावर खाडीतली गरी : जिताडा आणि तांबोशीसाठी

भाद्रपद सरता सरता खाडीचं पाणी निवळू लागतं आणि खारेपणा पुन्हा वरच्या अंगाला सरकतो. पावसाळ्यात वाढलेली कोळंबी आणि बोईटाची पिलं याच सुमारास ओहोटीबरोबर मुखाकडे उतरतात. जिताडा (तळकोकण-गोव्याचा चणक) आणि तांब म्हणजे तांबोशी त्यांच्या वाटेवर दबा धरून बसतात. म्हणून आश्विन-कार्तिकात काठावरून गळाला मोठा मासा लागण्याची शक्यता चांगली असते. पण त्यासाठी रॉडपेक्षा वेळ अचूक हवी.

वेळ काढायला जुना हिशोब पुरतो. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा हिशोब मुंबई-रायगडच्या मुखाशी धरा. दक्षिणेला भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत जावं तसा उशीर होतो, कधी तासाभराचाही. अर्ध्या-पाऊण तासाची चूक गृहीतच धरायची. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या.

आता हाच हिशोब सूर्याशी जुळवा. मासा सर्वात बेधडक खातो तो ओहोटी लागल्यावरच्या पहिल्या दोन तासांत, आणि त्यातही झुंजुमुंजू किंवा तिन्हीसांजेला. पंचमी ते सप्तमीला या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उधाणाचा जोर तोवर उतरलेला असतो, भांग (सर्वात कमी चढउताराचे दिवस) अजून लागलेला नसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबई-रायगडकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. तेव्हा शंभर ग्रॅमचं शिसंही जागेवर ठरत नाही आणि दोरीला प्लास्टिक गुंडाळत राहतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे चढउतार जवळजवळ निम्माच, त्यामुळे तिथे उधाणाचे दिवस उलट उपयोगी पडतात. अष्टमी-नवमीच्या भांगात मात्र कुठेही पाणी आळसावलेलं असतं.

जागा निवडताना पाणी कुठे अरुंद होतं ते बघा. कांदळवनातून निघणाऱ्या छोट्या ओहोळाचं तोंड, पुलाचे खांब, जुन्या धक्क्याचे दगड. तांब दगड-मुळांना चिकटून राहते, जिताडा प्रवाहाच्या कडेच्या शांत पट्ट्यात. खारबंदिस्तीची उघाडी (खाडीकाठच्या बांधातलं शेताचं पाणी सोडणारं झडपेचं दार) ही सर्वात खात्रीची जागा, फक्त तिची चाल समजून घ्यावी लागते. खाडीची पातळी शेतातल्या पाण्याखाली गेल्याशिवाय तिची झडप उघडत नाही. भरती उलटल्याबरोबर तिथे जाऊन काही हाती लागत नाही; झडपेतून पाणी उसळू लागलं की गळ टाका. ऑक्टोबरात भातकापणीआधी शेतकरी शेतातलं पाणी सोडतात तेव्हा तिथे छोट्या माशांची रांग लागते.

साहित्यावर फार खर्च नको. सात-आठ फुटी मध्यम ताकदीचा रॉड, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, वीस-तीस पौंडांची विणलेली दोरी. पुढे मीटरभर चाळीस पौंडांचा जाड तंगूस हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते आणि तोंड कानशीसारखं खरबरीत. दोरीत भोकाचं वीस ते चाळीस ग्रॅम शिसं मोकळं ओवा, मग स्विवेल (दोरीचा पीळ सोडवणारी फिरती कडी), मग तंगूस आणि ३/० चा गोल वळणाचा सर्कल गळ. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते. रिळाचा ड्रॅग (किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक) वजनकाट्याने मोजून अडीच ते तीन किलोवर ठेवा.

आमिष जिवंत हवं. सुकतीला म्हणजे ओहोटीला पाग (फेकजाळं) टाकून बोटाएवढी कोळंबी किंवा वीतभराच्या आतलं बोईट धरा. दहा लिटरच्या बादलीत दहा-पंधरा कोळंब्या पुरे. बॅटरीचा हवेचा पंप लावा, बादली सावलीत ठेवा, अर्धं पाणी अधूनमधून बदला. दाटीने भरलेली बादली तासाभरात मेलेली असते. कोळंबीला डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी गळ ओवा, आतला काळा ठिपका चुकवून. तो टोचला की ती जागीच मरते. बोईटाला वरच्या ओठातून. मेलेल्या कोळंबीवर बहुधा शेंगाळाच (कॅटफिश) येतो.

आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून वाहत कडेला येऊ द्या. धक्का बसला की झटका मारू नका; सर्कल गळ झटक्याने तोंडातून निसटतो. दोरी ताठ होईपर्यंत रीळ सावकाश फिरवा, गळ स्वतःच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. तांब लागली तर पहिल्या तीन-चार सेकंदांत ढिली दोरी देऊ नका, ती थेट मुळांत घुसते. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झाडतो, तेव्हा रॉडचं टोक खाली. प्रत्येक माशानंतर तंगुसावरून बोट फिरवा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने मारा.

परतीचा पाऊस पडून गेला की तीन-चार दिवस गढूळ, गोडं पाणी वर तरंगतं आणि जड खारं पाणी तळाशी राहतं. अशा वेळी आमिष तळालाच ठेवा किंवा सरळ मुखाकडे सरका. दुपारनंतर गडगडाट ऐकू आला तर रॉड खाली ठेवून निघा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकतं. शेंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागलाच तर तो भाग सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा आणि मग डॉक्टरकडे जा. मोडलेला काटा घरी उकरू नका. शेंगाळ्याचा गळ काढताना पकड वापरा.

मीटरभराचा जिताडा मिळाला तर तो बहुधा मादीच असतो: हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खायला दोन-तीन किलोचाच चांगला, मोठा सोडून द्यावा. सोडताना नुसत्या जबड्याने लोंबकळवू नका, पोटाखाली ओला हात द्या आणि शेपटीचा फटका मारून तो स्वतः निघेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरा.