पाश्चात्य आणि मुस्लिम समाजांचा आर्थिक इतिहास शेजारी ठेवून कसा वाचावा

सोलापुरात इतिहास किंवा राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लघुप्रबंधासाठी विषय शोधू लागले की ‘युरोप पुढे का गेला आणि मुस्लिम जग मागे का राहिले’ हा प्रश्न त्यांना हमखास खुणावतो. प्रश्न टाकाऊ नाही. पण तो या स्वरूपात घेतला की उत्तर आधीच ठरून जाते आणि पुराव्याचे काम केवळ मान डोलावण्याचे उरते. म्हणून सुरुवात धर्मापासून किंवा संस्कृतीपासून न करता एखाद्या व्यवहारापासून करावी. माझ्या मते सर्वांत फलदायी व्यवहार हा आहे: धंद्यात भांडवल घातलेला माणूस मरण पावला, तर त्या धंद्याचे पुढे काय होते?

हा प्रश्न आधी आपल्या गावात समजून घ्यावा. ओळखीच्या यंत्रमाग कारखानदाराकडून भागीदारीपत्र मागून घ्यावे आणि भागीदाराच्या मृत्यूविषयीचे कलम सावकाश वाचावे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. ते कलम याच कारणासाठी घातलेले असते. त्यानंतर सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीच्या, म्हणजे आपल्या जुन्या गिरणीच्या, खटल्याकडे वळावे. बंद पडलेल्या गिरणीचा कारभार सरकारने १९५० मध्ये ताब्यात घेतला, तेव्हा चिरंजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनीची मालमत्ता ही भागधारकाची मालमत्ता नव्हे, हा भेद त्या निकालात स्पष्ट दिसतो. भागधारक येतात, जातात, मरतात. कंपनी मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहते. हा फरक नीट उमगल्याशिवाय कैरो, इस्तंबूल किंवा ॲमस्टरडॅमविषयी एक ओळही लिहू नये.

आता तुलनेकडे यावे. मुस्लिम व्यापारात मुदारबा ही भागीदारी शतकानुशतके रूढ होती: एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि प्रवास, नफा ठरलेल्या प्रमाणात. दोघांपैकी एक मरण पावला की करार संपे. वारसाहक्कात पत्नी, मुलगे, मुली, आईवडील यांचे हिस्से ठरलेले असत आणि मृत्युपत्राने साधारणतः एकतृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता देता येत नसे. त्यामुळे मोठे भांडवल एका हाती फार काळ टिकणे अवघड होई. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी या मुद्द्यावर आपली मांडणी उभी केली आहे आणि ती मुळातून वाचावी. मात्र वाचताना हेही ध्यानात ठेवावे की इटलीतील कमेंडा हा व्यापारी भागीदारीचा करारसुद्धा असाच एकेका सफरीपुरता असे. युरोपातही टिकाऊ भांडवल उशिराच आले: डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि इंग्रजांच्या कंपनीचे भांडवल १६५७ मध्ये कायमस्वरूपी झाले. उलट इस्तंबूलमध्ये शिर्केत-ए-हैरिये ही आगबोटींची कंपनी १८५१ मध्येच भागभांडवलावर उभी राहिली होती. विरुद्ध बाजूचे असे पुरावे तळटीपेत ढकलू नयेत. युक्तिवादाच्या मध्यभागी आणावेत.

तुलनेचा एक नियम मी अत्यंत आग्रहाने सांगेन: दोन्ही बाजूंचा काळ एकच घ्यावा. कुराणातील व्याजबंदी एका बाजूला आणि १६९४ ची बँक ऑफ इंग्लंड दुसऱ्या बाजूला ठेवली, तर हजाराहून अधिक वर्षांचे अंतर झाकले जाते. त्याऐवजी १५४५ हे वर्ष घेऊन पाहावे. त्या वर्षी आठव्या हेन्रीच्या राजवटीत इंग्लंडने दहा टक्क्यांपर्यंतच्या व्याजाला कायद्याने वाट करून दिली. ती १५५२ मध्ये पुन्हा बंद झाली आणि १५७१ मध्ये पुन्हा उघडली. त्याच १५४५ मध्ये एबुस्सूद एफेंदी ऑटोमन साम्राज्याचे शेखुल-इस्लाम, म्हणजे सर्वोच्च धर्माधिकारी, झाले. रोख रकमेचा वक्फ, म्हणजे कायमचे धर्मादाय दान, करून ती कर्जाऊ द्यावी आणि उत्पन्नातून मशिदी, मदरसे चालवावेत, या प्रथेचे त्यांनी समर्थन केले. बिरगिवी या विद्वानाने तिला कडाडून विरोध केला. दोन्हीकडे धर्मशास्त्र आणि बाजाराची गरज यांची ओढाताण एकाच वेळी चालली होती, हे अशा मांडणीतच दिसते. त्यानंतरचा प्रश्न खरा कसोटीचा आहे: वक्फातील मालमत्ता वारसांत वाटली जात नसे, म्हणजे टिकाऊपणा होता, पण दात्याने ठरवलेला हेतू बदलणे फार कठीण होते. टिकाऊ असूनही ती संस्था कंपनीसारखी का वाढली नाही, याचा शोध इथून घ्यावा.

राजकीय विचारांसाठी संपूर्ण ग्रंथांच्या मागे न लागता एकाच विषयावरचे तीन उतारे निवडावेत. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’त लिहिले की राजवटीच्या आरंभी हलक्या करांतून मोठा वसूल येतो, तर अखेरीस भारी करांतून थोडा, राजाने स्वतः व्यापारात उतरणे प्रजेला घातक ठरते, असेही त्याने बजावले. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये करांची चार तत्त्वे सांगितली आणि व्यापारी कंपनीने राज्य करण्यावर कठोर टीका केली. दोघांचे म्हणणे जुळते म्हणून हुरळून जाऊ नये. इब्न खल्दूनला राजवटी का ढासळतात हे उलगडायचे होते, तर स्मिथ कायदे करणाऱ्यांना सल्ला देत होता. एकाच निरीक्षणाचा उपयोग दोघांनी अगदी वेगळ्या कामासाठी केला. तिसरा उतारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील साहुकार प्रकरणाचा घ्यावा. साहुकारांना राज्याची शोभा मानणारे अमात्य टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, मात्र वेगळे काढतात, कारण त्या व्यापाऱ्यांच्या पाठीशी राजसत्ता आहे हे त्यांनी नेमके ओळखले होते. सुमारे १७१५ चा हा मजकूर आपल्याला मुळातून वाचता येतो, ही मोठीच सोय आहे. प्रत्येक उताऱ्यासमोर वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: लेखक कोणाच्या सेवेत होता, तो कोणाला उद्देशून लिहीत होता आणि त्याचा सल्ला अमलात आणणारी कोणती यंत्रणा तेव्हा अस्तित्वात होती.