पासष्टीला मेडिगॅपचे सहा महिने हातचे घालवू नका

अमेरिकेत पासष्टी, म्हणजे मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं वय, जवळ आली की घरी विमा कंपन्यांच्या पत्रांचा ढीग पडतो, आणि शून्य हप्त्याचा ॲडव्हान्टेज प्लॅन (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारा मेडिकेअर विमा) पाहून बरेच जण तिथेच सही करतात. घाई करू नका. वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) सुरू, हे दोन्ही जुळल्यापासून सहा महिने मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरनंतर उरलेला खर्च उचलणारा खासगी पूरक विमा, विकणारी कंपनी मधुमेह किंवा हृदयविकार पाहून तुम्हाला नाकारू शकत नाही, जास्त हप्ताही लावू शकत नाही. ही मुदत टळली की बहुतेक राज्यांत तब्येतीची चौकशी होते. ॲडव्हान्टेज मात्र पुढेही दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये घेता येतो.

दर हिवाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांनी तर हे बघाच: मूळ मेडिकेअर भारतात चालत नाही. मेडिगॅपचा प्लॅन जी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतो. वर्षाचे पहिले २५० डॉलर आपले, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर.

नोकरी सुटून कोब्रावर (स्वतः हप्ता भरून जुन्या नोकरीचाच विमा काही काळ चालू ठेवण्याची सोय) असाल तर पार्ट बी लांबवू नका. कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा असं मेडिकेअर मानत नाही, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही सहसा कायमचा.