हायपोथॅलॅमस आणि इन्सुलिनचे प्रयोग : या चुका टाळा

रॅटच्या मेंदूत इन्सुलिन सोडलं, रक्तातली साखर उतरली, आणि हायपोथॅलॅमसने (मेंदूच्या तळाशी असलेल्या, भूक आणि चयापचय सांभाळणाऱ्या भागाने) यकृताच्या साखर बनवण्याला आवर घातला असा निष्कर्ष लिहून झाला. मात्र ही साखर मेंदूच्या आदेशाने उतरली, की मेंदूतून बाहेर झिरपलेल्या इन्सुलिनने? या क्षेत्रातल्या बहुतेक चुका याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

गळती न तपासणं

मेंदूच्या पोकळीत सोडलेलं इन्सुलिन मेंदूद्रवाबरोबर रक्तात पोहोचतं. म्हणून तेवढाच डोस त्वचेखाली दिलेला वेगळा गट ठेवा आणि दोन्ही गटांत रक्तातलं इन्सुलिन मोजा. फक्त सलाइन दिलेला कंट्रोल गट इथे पुरत नाही. माउसमध्ये एका वेळी 1 ते 2 मायक्रोलिटरच सोडा, तेही हळूहळू. सुई लगेच काढू नका, मिनिटभर तशीच राहू द्या, नाहीतर द्रव तिच्याच वाटेने वर येतो.

बाजारातल्या कुपीतलं इन्सुलिन थेट वापरणं ही तर सर्रास होणारी चूक. त्यात मेटाक्रेसॉलसारखं परिरक्षक असतं आणि ते चेतापेशींना मानवत नाही. परिरक्षक नसलेलं इन्सुलिन कृत्रिम मेंदूद्रवात पातळ करा. कंट्रोल गटालाही तोच द्रव द्या. अगदी पातळ इन्सुलिन प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतं, त्यामुळे द्रवात 0.1 टक्का अल्ब्युमिन घाला. ते नसेल तर कागदावरचा डोस आणि प्राण्याला मिळालेला डोस यांचा मेळ बसत नाही.

रॅटमध्ये कॅन्युला (मेंदूत बसवलेली बारीक नळी) जागेवर आहे का, हे अँजिओटेन्सिन-2 हे तहान लावणारं हार्मोन देऊन कळतं. जागा बरोबर असेल तर प्राणी काही मिनिटांतच पाणी पिऊ लागतो. तरीही शेवटी मेंदूचे काप बघायलाच हवेत.

जनुक जिथे बंद केलं असं वाटतं, तिथेच ते बंद झालंय असं मानणं

क्रे हे ठरावीक पेशींत जनुक कापून बंद करणारं एन्झाइम. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींसाठी म्हणून वापरली जाणारी रिप-क्रे जातीची माउस हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींतही जनुक बंद करते. म्हणजे स्वादुपिंडातला वाटणारा परिणाम प्रत्यक्षात मेंदूतला असू शकतो. पीओएमसी चेतापेशींसाठीच्या पीओएमसी-क्रेचं दुखणं वेगळं: भ्रूणावस्थेत ते सुरू होतं तेव्हा त्या पेशींपैकी काही पुढे एजीआरपी चेतापेशी बनतात. पीओएमसी भूक आवरते आणि एजीआरपी ती वाढवते, हे लक्षात घेतलं तर घोटाळा किती मोठा आहे ते कळेल. प्रौढ माउसमध्ये टॅमॉक्सिफेन या औषधाने क्रे सुरू करा किंवा विषाणूवाहक (जनुक पोहोचवणारा निरुपद्रवी केलेला विषाणू) थेट आर्क्युएट केंद्रकात, म्हणजे हायपोथॅलॅमसमधल्या या चेतापेशींच्या पुंजक्यात सोडा. टॅमॉक्सिफेन स्वतःच वजन घटवू शकतं, म्हणून ते कंट्रोल माउसलाही द्या. फक्त क्रे असलेला गटही हवाच.

उपवास आणि भूल

रात्रभर, म्हणजे 14 ते 18 तास उपाशी ठेवलेल्या माउसच्या यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जवळजवळ उरत नाही. मग ग्लुकोज चाचणीत यकृताचा वाटा नीट दिसत नाही. 5 ते 6 तास पुरेत. भुलीसाठी वापरलं जाणारं झायलाझिन स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडू देत नाही आणि साखर चढवते. आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूनेही साखर वाढते. त्यामुळे क्लॅम्प (इन्सुलिन देत असताना ग्लुकोज सोडून साखर एकाच पातळीवर राखण्याची चाचणी) जाग्या प्राण्यावर करा, शस्त्रक्रियेनंतर वजन पूर्ववत झाल्यावरच. आधी काही दिवस प्राण्याला हाताळण्याची सवय लावा. घाबरलेल्या प्राण्याचं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन सगळी गणितं बिघडवतं.

सगळं श्रेय मेंदूला देणं

1849 साली क्लॉड बर्नार्डने सशाच्या मेंदूत सुई टोचून लघवीत साखर आणली, हा दाखला हायपोथॅलॅमसच्या नावावर दिला जातो. पण ती सुई मेंदूतल्या चौथ्या पोकळीच्या तळाला, म्हणजे मेंदूच्या खोडाला टोचली होती. रॅट-माउसमध्ये आर्क्युएटकडून निघालेला इशारा व्हेगस नर्व्हमधून (मेंदूपासून पोटातल्या अवयवांपर्यंत जाणाऱ्या चेतातंतूमधून) यकृतात पोहोचतो, हे प्रयोगांनी दाखवलंय. पण कुत्र्यांवरच्या प्रयोगांत रक्तातून यकृतावर थेट होणारा इन्सुलिनचा परिणामच वरचढ ठरला. एका प्रजातीचं माप दुसरीला लावू नका.

ऊर्जाखर्च मोजताना आकड्याला वजनाने भागू नका. लठ्ठ माउसची चरबी वजनात भर घालते, पण ऊर्जा कमी जाळते. भागाकारानंतर तिचा चयापचय उगाच मंद दिसतो. त्याऐवजी वजन सहचल (सोबत हिशेबात धरलेला घटक) म्हणून घेऊन सहप्रसरण विश्लेषण (ANCOVA) करा. आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा: 22 अंशांत माउस उबेसाठी भरपूर ऊर्जा खर्च करते, 30 अंशांच्या आसपास हा खर्च पुष्कळ कमी असतो.